पंचनाम्यात न आलेला खड्डा

ठाणे-कल्याणात मोटार अपघाताचे दावे चालवणारे वकीलहो, डॉक्टरहो आणि पोलीस अधिकारीहो,

अपघाताच्या दाव्याचा निकाल न्यायाधिकरण देते खरे, पण अर्धा निकाल पहिल्या दोन दिवसांतच लागून गेलेला असतो. अपघात विभागातला डॉक्टर केसपेपरवर चार ओळी खरडतो, हवालदार पंचांसमोर पंचनामा उरकतो. अर्जदाराचा वकील उगवतो तो प्लास्टर निघाल्यावर. टेम्पोने उडवलेल्या माणसाच्या केसपेपरवर घाईत ‘घसरून पडला’ एवढेच लिहिले गेले असेल, तर विमा कंपनी उलटतपासणीत सगळ्यात आधी तोच कागद पुढे करते.

दोष सिद्ध करावाच लागेल का, हा वाद जुना आहे आणि त्याचे एक टोक मुंबईत आहे. ‘मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन’ या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने निष्काळजीपणाची अट सैल केली होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा आवळली. पुढे संसदेने दोषाविना भरपाईची वाट काढली. आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. त्याहून अधिक हवे असेल तर कलम १६६, आणि तिथे चालकाची चूक दाखवणे आलेच. मात्र फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा इथे लागत नाही. शक्यतेचा तराजू कुठे झुकतो एवढे पाहायचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ‘बिमला देवी’ निकालाने २००९ मध्ये स्पष्ट केले. चालक फौजदारीत सुटला म्हणून दावा संपत नाही, हे अर्जदाराला पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

जखमेचे गणित याहून अवघड.

समजा, डोंबिवलीच्या तीस वर्षांच्या रिक्षाचालकाचा उजवा पाय चिरडला. दाखल्यावर अपंगत्व चाळीस टक्के. महिन्याची कमाई वीस हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख चाळीस हजार. ‘सरला वर्मा’ निकालाच्या तक्त्यानुसार या वयाला गुणक सतरा. चाळीस टक्के धरले तर सोळा लाख बत्तीस हजार. पण रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो! कमाईची क्षमता सत्तर टक्के गेली असे सिद्ध झाले, तर तीच रक्कम अठ्ठावीस लाख छप्पन्न हजारांवर जाते. त्यात भावी वाढ अजून धरलेली नाही. हा सव्वाबारा लाखांचा फरक दाखल्यात सापडत नाही. तो माणसाच्या कामात सापडतो. ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ निकालाने हेच शिकवले: हात गेलेला सुतार आणि हात गेलेला कारकून यांचे नुकसान सारखे नसते. शिवाय उपचार न करता सढळ हाताने दाखले वाटणाऱ्या डॉक्टरांपासून सावध राहा, आणि जे डॉक्टर साक्षीला येतात त्यांना ताटकळत ठेवू नका, असेही त्यात बजावले आहे. दुसऱ्या सूचनेचा विसर मात्र सगळ्यांनाच लवकर पडला.

आता रस्त्याबद्दल. आपल्याकडच्या फिर्यादीत एक ठरीव वाक्य असते: चालकाने भरधाव वेगात, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून वाहन चालवले. मग रस्त्याची परिस्थिती काय होती? पंचनाम्यात तेच बहुधा नसते. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणात खड्ड्यांनी एकामागून एक बळी घेतले. शिवाजी चौकात दुचाकीवरून पडलेली महिला बसखाली आली. पण न्यायाधिकरणात सामनेवाले म्हणून येतात ते सहसा चालक, मालक आणि विमा कंपनी. खड्डा ज्याच्या रस्त्यावर होता, तो कागदावर येतच नाही.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे चित्र थोडे बदलले. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने जीव गेला तर वारसांना सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती रक्कम ठरवेल, आणि ती दोषी अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करता येईल. या समितीसमोरही पुरावा लागणारच. दुसऱ्या दिवशी खडी टाकून खड्डा बुजवला की तो पुरावा गेला.

२०२२ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. सोबत घटनास्थळाची छायाचित्रे, रस्त्याची रुंदी दाखवणारा मोजमापाचा नकाशा. त्याच नकाशात खड्ड्याची लांबी-खोली आणि दिवे चालू होते की बंद, एवढे टिपायला फार तर दहा मिनिटे लागतील. आणखी एक रकाना हवा: रस्ता कोणाचा? कल्याण-शीळ रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा, त्याला येऊन मिळणारी गल्ली महापालिकेची. अपघात नेमका त्या सांध्यावर झाला तर नोटीस कोणाला काढायची, हे ठरवायला आज वारसांना माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो.