शाळेच्या दारातला दाखला



साहित्याच्या या व्यासपीठावर मी एका कागदाविषयी बोलणार आहे. सारा जन्म शाळेत काढलेल्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुन्या ट्रंकेत ‘मुल्की’चा दाखला असेल. निजामाच्या १९१९च्या फर्मानानुसार सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागे. १९५२मध्ये गैरमुल्कींविरुद्ध आंदोलन पेटले तेव्हा माझ्या आजोबांनी तो कागद रोज उशाशी ठेवला. त्याआधी, १९३८मध्ये, वंदे मातरम् म्हटल्यामुळे उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आपले दार उघडले. कागदाची धास्ती आपल्याला ऐकून नव्हे, घरातून ठाऊक आहे.

आज आपल्याच शहरात, बालापूरच्या बाजूला, म्यानमारहून आलेली रोहिंग्या कुटुंबे राहतात. अनेकांजवळ संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे कार्ड असते. पण १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. कार्ड खिशात असूनही पोलिसांची गाडी दिसली की छातीत धस्स होतेच.

मी मुख्याध्यापिका असताना अशीच एक आई मुलीला घेऊन आली. लेखनिकाने आधार मागितले. ती गप्प राहिली. मी जवळच उभी होते. नियम माहीत असूनही, वरून विचारणा झाली तर काय, या भीतीने मी म्हणाले, “कल आओ अम्मा.” मुलीने आधीच पाटी काढून हातात धरली होती. त्या दोघी पुन्हा आल्या नाहीत.

नियम काय होता? शिक्षण हक्क कायदा, २००९ सहा ते चौदा वर्षांच्या ‘प्रत्येक बालका’विषयी बोलतो. कलम १४ म्हणते, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. आधारअभावी शाळाप्रवेश अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने स्पष्ट केले. फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की मुलांनी आधी सरकारी शाळेकडे जावे. नकार मिळाला तर उच्च न्यायालयाकडे.

आपली नातवंडे अमेरिकेत आहेत, म्हणून तिकडचेही सांगते. कागद नसलेल्या मुलांना सरकारी शाळेचे दार बंद करता येत नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८२चा निकाल आहे. मात्र शाळेसारख्या ठिकाणी कारवाई टाळण्याची सूचना जानेवारी २०२५मध्ये मागे घेण्यात आली. तेव्हापासून तिथले शिक्षक पालकांना विचारतात: तुम्ही येऊ शकला नाहीत तर मुलाला घरी कोण नेईल? त्या माणसाचे नाव आणि फोन शाळेत लिहून ठेवा. एवढी साधी नोंद आपल्याकडच्या शाळांनाही करता येईल.

बाकी वर्गातले. ‘तुझा देश कोणता?’ हे चारचौघांत विचारू नये. मुलाला खोटा धीरही देऊ नये. “काही होणार नाही” असे आपण म्हणतो आणि संध्याकाळी त्याचा बाप घरी येत नाही. मग ते मूल आपल्यावर कधीच विश्वास ठेवत नाही. “शाळा सुटेपर्यंत तू माझ्याजवळ आहेस, आणि तुला न्यायला कोण येणार हे मला माहीत आहे,” एवढे खरे बोलता येते.

जूनमध्ये शाळा उघडतील. या सभागृहात निवृत्त शिक्षक बरेच दिसतात. प्रवेशाच्या दिवशी अशा एखाद्या आईबरोबर कलम १४ची छापील प्रत घेऊन शाळेत जायचे आहे. लेखनिकाशी तेलुगूत नीट बोलणारे कोणी हवे. माझी तेलुगू तुम्हाला माहीतच आहे. ज्यांना जमेल त्यांनी बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, तिच्यात नाव लिहावे.