पंधराशे रुपये आणि पाळणाघर



२०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना आली, तेव्हापासून ‘आता बाया काम सोडतील’ असा आक्षेप आम्ही ऐकत आहो. हिशेब पाहू. महिना १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये! एवढ्यावर या संत तुकाराम नगरात कोणाची चूल पेटेल? अनेकींना घरी बसवते ते तान्हे मूल. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पन्नास वा अधिक माणसे राबतात तेथे पाळणाघर सक्तीचे केले. पण चार घरची धुणीभांडी करणारीने मूल कोठे ठेवावे? मदत तिला अवश्य मिळावी; मात्र तिच्यासोबत वस्तीत पाळणाघरही निघावे, असे आम्हांस वाटते. हातात पैसा आला, पण कडेवरचे मूल उतरले नाही, तर तो हात कामाला मोकळा कसा होणार?