वाळवंटातले बिडाचे नळ
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपापल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोला, असं संयोजकांनी सांगितलंय. माझं सगळं काम जमिनीखाली गाडलेलं आहे, त्यामुळे दाखवायला काही नाही, सांगतो.

कुवेतमध्ये एकही नदी नाही. पूर्वी शत्त-अल-अरबचं गोडं पाणी गलबतांतून यायचं. १९५३ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा पहिला मोठा कारखाना तिथे सुरू झाला. म्हणजे नळातला जवळजवळ प्रत्येक थेंब इंधन जाळून केलेला. तो वाटेत गळू न देणं, हे आमचं काम.

आपल्या घरचा तवा ज्या बिडाचा, त्याच कुळातले हे नळ. साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं असतं, म्हणून ते चटकन तडकतं. वितळलेल्या लोखंडात थोडं मॅग्नेशियम घातलं की त्याच ग्रॅफाइटच्या गोळ्या होतात आणि नळ हादरे सोसतो. हे डक्टाइल आयर्न.

खरा शत्रू ऊन नव्हे, जमीन. किनाऱ्यालगतच्या खारट जमिनीला तिथे 'सबखा' म्हणतात. तिच्यात लोखंड झिजून जातं आणि ग्रॅफाइट जागच्या जागी राहतं. नळ वरून धडधाकट दिसतो, पण चाकूने खरवडला की पेन्सिलीच्या शिशासारखा सुटतो. म्हणून नळाला पॉलिथिनची बाही चढवायची आणि ती कुठे फाटली नाही ना, हे वाकून बघायचं. खड्ड्यात सोडण्याआधी नळ हातोडीने ठोकायचा. माठ घेताना आई टिचकी मारायची, तसंच. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर नळ बाजूला.

सांधा जोडताना रबरी कड्याखाली वाळू राहता कामा नये, आणि तिथे वाळू तर वाऱ्याबरोबर जेवणाच्या डब्यातही येते! एकदा दाबाच्या चाचणीत काटा किंचित खाली आला. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "रात्रीच्या गारव्याने उतरला असेल साहेब, सही करा. सकाळी चर बुजवायचाय." शक्यता होती. पण मी म्हटलं, "गारव्याने असेल तर पुन्हा दाब भरल्यावर टिकेल." भरला, तासाभरात पुन्हा उतरला. पहाटे बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा हाताने चाचपला. एका सांध्याखालची वाळू ओली लागली. उघडला, तर कड्याखाली चिमूटभर वाळू. चर दोन दिवस उशिरा बुजला, मला चार शब्द ऐकावे लागले. त्या नळावर मात्र पुढे एक अख्खी वस्ती पाणी प्यायली.

मुख्याध्यापक आत्ताच सांगत होते की शाळेला नवी पाइपलाइन टाकायची आहे. सर, चर बुजवण्याआधी मला एक फोन करा. हातोडी मी घेऊन येईन.