कापूसपट्ट्याचं तूप



१९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांमध्ये शुद्ध तुपाचे निकष राज्यवार दिलेले होते. महाराष्ट्रापुढे दोन नोंदी होत्या : कापूसपट्ट्यासाठी एक, उरलेल्या भागासाठी दुसरी. जिथे जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणावर घातली जाते आणि राज्य सरकारनं जो भाग तसा जाहीर केला आहे, तो कापूसपट्टा, अशी व्याख्याही त्या नियमांत होती. म्हणजे गाय-म्हैस काय खाते याची दखल कायद्यानं घेतली होती. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि आजचं व्याख्यान तिच्यावरच आहे.

तूप तपासण्याची एक जुनी रीत आहे, रायकर्ट-माइस्ल मूल्याची. पाच ग्रॅम तूप घ्यायचं, त्यातली मेदाम्लं मोकळी करायची, उकळून वाफेबरोबर जी उडून येतात ती गार करून धरायची आणि त्यातली पाण्यात विरघळणारी किती आहेत ते मोजायचं. ही आखूड साखळीची आम्लं, मुख्यतः ब्युटिरिक, दुधाच्या स्निग्धांशाची खूण आहेत. वनस्पती तुपात ती जवळजवळ नसतातच. त्यामुळे आकडा उतरला की पहिला संशय डालड्याचा. पण सरकीवर पोसलेल्या जनावरांच्या निखळ तुपाचाही आकडा उतरायचा. घरी कढवलेलं, भेसळीचा थेंबही नसलेलं तूप, आणि प्रयोगशाळेत संशयित!

असं का व्हावं, हे समजायला कोठीपोटात शिरावं लागेल. निवांत बसलेल्या गाईच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरा. मिनिटाला एक-दोनदा आतून एक जाडजूड लाट येते आणि मूठ हलके बाहेर ढकलली जाते. ते कोठीपोटाचं घुसळणं. मोठ्या गाईत त्याची क्षमता शंभर लिटरच्या वर, तापमान एकोणचाळीस अंशांच्या आसपास, आणि आत प्राणवायू जवळपास नाही. त्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींहून अधिक जिवाणू असतात. शिवाय आदिजीव आणि बुरशी. कडब्यातला काष्ठमय तंतू गाईला स्वतःला पचवता येत नाही. तो हे सूक्ष्मजीव फोडतात आणि त्यातून ॲसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक ही आम्लं तयार होतात. गाईची बहुतेक ऊर्जा त्यांतूनच येते. वैरण जास्त असली की ॲसेटिक वाढतं, आणि कास त्याच्यापासूनच आखूड साखळीची मेदाम्लं बनवते. दुधातला साधारण अर्धा स्निग्धांश असा कासेतच घडतो. उरलेला रक्तातून येतो, म्हणजे खाद्यातल्या तेलातून किंवा अंगावरच्या चरबीतून.

आता सरकी. तिच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं, खोलीच्या तापमानाला पातळ राहणारं. कोठीपोटातल्या जिवाणूंना अशी असंतृप्त आम्लं विषासारखी बाधतात, म्हणून ते त्यांना हायड्रोजन जोडून संतृप्त करून टाकतात. लिनोलिकचं शेवटी स्टिअरिक होतं. वनस्पती तुपाच्या कारखान्यात निकेल वापरून हीच अभिक्रिया घडवतात. सरकीत आणखी एक गोष्ट आहे : तिच्या तेलातली काही विशिष्ट आम्लं कासेतल्या एका विकराला अडवतात. हा विकर एरवी स्टिअरिकचं पुन्हा पातळ ओलिकमध्ये रूपांतर करतो. तो अडला की स्टिअरिक तसंच दुधात उतरतं आणि तूप घट्ट, उशिरा वितळणारं होतं. शिवाय रक्तातून लांब साखळीची आम्लं भरपूर आली की कासेत घडणाऱ्या आखूड आम्लांचा वाटा घटतो. रायकर्ट-माइस्ल मूल्य उतरतं ते इथे. मग खरी भेसळ कशी पकडायची? वनस्पतीत तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं गेलं. बोडुआं चाचणीत तीळतेल असलं की आम्ल लालभडक होतं. अशा रीतीनं भेसळ करणारा सापडावा आणि सरकी घालणारा सुटावा, अशी सोय झाली.

कोठीपोटाचा हाच परिणाम मांसातही दिसतो. मटणाचा रस्सा गार झाला की भांड्याच्या कडेला पांढरी चरबी थिजते, कोंबडीच्या रश्श्यावरचा तवंग मात्र बराचसा पातळ राहतो. कोंबडीला कोठीपोट नाही; दाण्यातलं तेल जसं असेल तसं तिच्या अंगी लागतं. उलट, नुसत्या बार्लीवर वाढवलेल्या कोकरांची चरबी मऊ, लिबलिबीत निघते, असं स्कॉटलंडमधल्या रोवेट संस्थेत अभ्यासलं गेलं. दाण्यामुळे प्रोपिओनिक आम्ल इतकं होतं की यकृताला ते आवरत नाही, आणि मग वेड्यावाकड्या फांद्यांची मेदाम्लं चरबीत जमतात.

हिरव्या चाऱ्याबद्दल सध्या फार बोललं जातं. त्यात तथ्य आहे. ताज्या गवतातलं लिनोलेनिक आम्ल सगळंच संतृप्त होत नाही. दुधात ओमेगा-३ वाढतं, आणि ज्याला सीएलए म्हणतात ते लिनोलिकचं वेगळ्या घडणीचं रूप दुप्पट-तिप्पटही होऊ शकतं. गाईच्या तुपाचा पिवळेपणाही हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटिनचा. पण दुप्पट-तिप्पट होऊनही सीएलए एकूण स्निग्धांशाच्या एक-दोन टक्क्यांतच राहतं. तेवढ्यावर तुपाची बरणी औषध म्हणून विकणं मला अप्रामाणिक वाटतं. चांगल्या चाऱ्याचं चांगलं तूप म्हणून विका, लोक घेतील.

माझी खरी तळमळ दूध संकलन केंद्राबद्दल आहे. गाईच्या दुधाला ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ, हा दराचा आधार. फॅट त्याखाली गेलं की दर कापला जातो. वैशाखात वैरण महाग होते, कडबा परवडत नाही, मग भरडा आणि पेंड वाढवली जाते, क्वचित वरून तेलही घातलं जातं. हेतू फॅट वाढावं हाच. होतं उलटं. चघळायला लांब वैरण नाही म्हणून रवंथ कमी, रवंथ कमी म्हणून लाळ कमी, आणि आम्लता आवरणारा सोडा त्या लाळेतच असतो. कोठीपोट आंबतं, जिवाणूंची वस्ती बदलते, आणि लिनोलिकचं रूपांतर आडवाटेनं होऊन ट्रान्स-१०, सिस-१२ या घडणीचं सीएलए तयार होतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गाईंना ते कोठीपोटाच्या पुढे दिवसाला फक्त १० ग्रॅम दिलं, तर चार दिवसांत दुधाचं फॅट चाळीस टक्क्यांहून अधिक उतरलं. म्हणजे कासेतला कारखानाच बंद.

दूध घालायला आलेल्या बाईला अशा वेळी चारचौघांत विचारलं जातं, पाणी किती घातलंस? या प्रश्नाचं उत्तर पावतीवरच असतं. पाणी घातलं तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरतात. खाद्यामुळे उतरतं तेव्हा फॅट एकटंच खाली येतं, एसएनएफ जागेवर राहतो, आणि दूध अनेकदा कमी होत नाही, वाढतंही. मलई काढली तरी फॅट एकटंच उतरतं हे खरं. पण तो फरक गव्हाण पाहून कळतो. गव्हाणीत लांब कडबा आहे की नुसता भरडा, गाई बसल्या बसल्या रवंथ करतात की नाही, शेण पातळ, आंबूस वासाचं आहे का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. भरडा दोन-तीनदा विभागून दिला, आधी वैरण आणि मग खुराक असा क्रम ठेवला, तेल थांबवलं, तर फॅट पुन्हा जागेवर यायला दहा-पंधरा दिवस लागतात. तेवढे दिवस दूध संघांनी त्या घराचा दर कापू नये आणि तिथे डॉक्टर पाठवावा, एवढी माझी मागणी आहे.