फायरवॉल एआय एजंटच्या हातात देताना: नॅट रूलच्या टूलचं वर्णन कसं लिहायचं?

घरच्या वायफायवर हा भाग ऐकत असाल, तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन आपला आयपी पत्ता बघा. बहुतेकांचा १९२.१६८ ने सुरू होत असेल. शेजाऱ्याचाही तसाच. हा पत्ता घरातल्या घरात चालतो, बाहेर इंटरनेटवर नाही. म्हणून बाहेर जाताना राउटर तो काढून स्वतःचा पत्ता लावतो आणि उत्तर आलं की बरोबर तुमच्या फोनकडे पाठवतो. यालाच नॅट म्हणतात. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी, ते पुरणार नव्हते. म्हणून १९९४ मध्ये आरएफसी १६३१ मध्ये ही युक्ती मांडली गेली.

फायरवॉलमध्ये याचे मुख्य तीन प्रकार. आतून बाहेर जाताना पत्ता बदलतो तो सोर्स नॅट, म्हणजे आउटबाउंड. बाहेरून आलेलं ट्रॅफिक आतल्या एका मशीनकडे वळवतो तो डेस्टिनेशन नॅट, आपण त्याला पोर्ट फॉरवर्ड म्हणतो. आणि बाहेरचा एक अख्खा पत्ता आतल्या एका मशीनला बांधून देतो तो वन-टू-वन.

आता मुद्द्यावर येऊ. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी आलं आणि एजंटला टूल जोडणं सोपं झालं. ओपीएनसेन्ससारख्या फायरवॉलच्या एपीआयवर टूल बसवलं, की एजंटला म्हणता येतं, "बाबा रे, कॅमेऱ्याचा पोर्ट उघडून दे." पण मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर. बस्स. वर्णनात "नॅट रूल तयार करतो" एवढंच असेल, तर वरच्या तिन्हींपैकी कुठला? माणूस अशा वेळी थांबतो, सीनियरला विचारतो. एजंट बऱ्याचदा रिकामी जागा स्वतःच भरतो. इथेच खरा धोका आहे.

एक उदाहरण घ्या. ओपीएनसेन्स, पीएफसेन्स आणि लिनक्सचं नेटफिल्टर, या सगळ्यांत पोर्ट फॉरवर्डमध्ये पत्ता आधी बदलतो आणि फिल्टर रूल नंतर लागतो. म्हणजे फिल्टर रूलमध्ये आतल्या मशीनचा पत्ता लिहायचा असतो, बाहेरचा नाही. हे वर्णनात नसेल तर एजंट बाहेरचा पत्ता टाकेल. काम होणार नाही. मग तो अजून मोकळा रूल टाकून बघेल, मग त्याहून मोकळा. शेवटी काम होईल, पण तोवर सोर्सच्या जागी "एनी" बसलेलं असेल. एनी म्हणजे अख्खं इंटरनेट! तो पोर्ट ३३८९ असेल, म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, तर मशीनचं दार जगासमोर सताड उघडं.

म्हणून वर्णन असं लिहा: "बाहेरून आलेलं ट्रॅफिक आतल्या एका मशीनकडे वळवतो. आउटबाउंडसाठी वापरू नये. आधी सध्याच्या रूलची यादी वाच. तोच पोर्ट आधीच वापरात असेल तर थांब आणि विचार. सोर्स द्यावाच लागतो; एनी हवा असेल तर माणसाची परवानगी घे. फिल्टर रूल आपोआप तयार होत नाही. सेव्ह केल्यावर अप्लाय वेगळं करावं लागतं."

यात "कधी वापरू नये" हे आवर्जून लिहिलंय. फक्त घरच्यांनाच कॅमेरा बघायचा असेल तर पोर्ट उघडायची गरजच नाही, व्हीपीएन पुरतो. हेही त्या वर्णनात टाका.

एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलवर खुणाही करता येतात: रीडओन्लीहिंट, डिस्ट्रक्टिव्हहिंट वगैरे. यादी वाचणाऱ्या आणि रूल पुसणाऱ्या टूलवर वेगवेगळी खूण हवीच. पण नावातच हिंट आहे, ते कुलूप नाही. अडवणूक करायची तर ती कोडमध्ये करा. सोर्स रिकामा असेल तर टूलने एरर द्यावा, आणि एररमध्ये पुढे काय करायचं तेही सांगावं. एजंट एररही वाचतो.

शेवटचं, परतीची वाट. ओपीएनसेन्सच्या एपीआयमध्ये सेव्हपॉइंट आहे. बदल अप्लाय केल्यावर ६० सेकंदांत "सगळं ठीक" असं कळवलं नाही, तर फायरवॉल आपोआप जुन्या रूलवर जातो. चुकून स्वतःचाच रस्ता बंद झाला तरी मिनिटभरात तो परत उघडतो. हा क्रम डॉक्युमेंटेशनमध्ये पायरीपायरीने लिहा आणि कनेक्शन तपासल्याशिवाय "ठीक" म्हणायचं नाही, हेही लिहा.

तुमचं वर्णन नीट जमलंय का, हे तपासायला टेस्ट फायरवॉलवर एजंटला मुद्दाम अर्धवट काम सांगा: "सर्व्हर बाहेरून दिसू दे." त्याने उलट विचारलं, "कुठला पोर्ट, कोणासाठी?" तर समजा जमलं. गुपचूप रूल टाकला तर परत लिहायला बसा.