तापीच्या पुराचा हिशोब संगणक कसा करतो?
(सारंगखेडा येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



सारंगखेड्यात ऊन असते आणि तापी मात्र काठ सोडते, कारण तो पाऊस इथला नसतो. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे आहे. अकोला, बुलढाण्याकडचे पाणी पूर्णा आणते, नाशिककडचे गिरणा, धुळ्याकडचे पांझरा. शहाद्याची गोमाई मात्र आपल्या खाली, प्रकाशाला मिळते. तेव्हा गोमाई कोरडी दिसली म्हणून काठावरची मोटार सुरक्षित समजू नका.

संगणकात या खोऱ्याचे लहान लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याचा उतार, माती, पीक आणि रोजचा पाऊस भरतात. अमेरिकेच्या कृषी खात्याची 'स्वॅट' ही अशीच एक आज्ञावली. किती पाणी मुरले, किती वाहिले आणि ते नदीत केव्हा पोहोचले, हे ती काढते.

पण हे काम सोपे नाही. एक हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ लाख लिटर पाणी. जूनमध्ये काळ्या जमिनीच्या भेगा त्यातले बरेचसे पिऊन टाकतात. तोच पाऊस ऑगस्टमध्ये, जमीन भिजून फुगल्यावर पडला, तर त्यातला मोठा भाग नाल्याला लागतो. म्हणून आदल्या पाच दिवसांचा पाऊसही हिशोबात धरण्याची जुनी पद्धत आहे.

खरी अडचण धरणांची. दरवाजे केव्हा उघडले हे कोणी सांगितल्याशिवाय संगणकाला कळत नाही. शिकत असताना माझ्या एका हिशोबात पूर जवळजवळ एक दिवस चुकला. वरून सोडलेले पाणी मी धरलेच नव्हते! ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरात सुरत बुडाले. वरून किती पाणी, केव्हा येणार, या प्रश्नाचे मोल तिथल्या लोकांना विचारावे.

आपण हतनूर आणि सुलवाड्याच्या विसर्गाची चौकशी ठेवावी. विसर्ग वाढत असेल आणि पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस चालू असेल, तर वीज बंद करून मोटार व स्टार्टर दिवसाउजेडी वर काढावेत. रात्री पाण्यात उतरू नये.

दोन पर्जन्यमापकांच्या मधे पडलेली सर हिशोबातून निसटते. म्हणून गावात निदान एकाने पाऊस मोजावा. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा झाडाझुडपांपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजून वहीत लिहा. पाऊस नसला, तरी त्या तारखेपुढे शून्य लिहा.