मूठमाती

२०२३ साली जिल्ह्याचे ठिकाण झालेल्या पांढुर्ण्यात, अथवा शेजारच्या सौसरात, घरी मृत्यू झाला की प्रथम धावतो तो शेजार. कोणी बांबू आणतो, कोणी सुतळी, कोणी मडके. तिरडी बांधणारे हात त्याची मजुरी मागत नाहीत. अशा गावच्या माणसाला ‘सिक्स फीट अंडर’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका चमत्कारिकच वाटेल. लॉस एंजेलिसच्या फिशर कुटुंबाचा धंदाच मुळी अंत्यविधीचा! तळघरात प्रेते सजवावयाची, वर दर्शनास मांडावयाची, आणि त्याच छपराखाली संसार करावयाचा.

२००१ ते २००५ या काळात मालिकेचे ६३ भाग झाले. पहिल्याच भागात घरचा कर्ता पुरुष नवी शववाहिनी हाकीत असता बसखाली सापडतो, आणि परक्यांचे दुःख शिस्तीने हाताळणाऱ्या घरावर आपलेच दुःख हाताळण्याची पाळी येते. दफनाच्या वेळी माती शिंपडण्यासाठी मिठाच्या डबीसारखी एक डबी पुढे केली जाते. थोरला मुलगा नेट ती नाकारतो आणि हातानेच माती उचलतो. ‘मूठमाती’ हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे त्यांना हा प्रसंग उलगडून सांगावा लागत नाही.

पैसे घेऊन केलेल्या सेवेत माया नसते, असे मात्र लेखक ॲलन बॉल म्हणत नाहीत. ज्याची मुले दूरदेशी आहेत, त्याला उद्या सौसरातही हा धंदा उपकारकच वाटेल.

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) नाटकातील भाऊराव मेल्यावरही जुन्याच स्मशानाचा हट्ट धरून बसतात. फिशरांचा मृत बापही मुलांशी बोलावयास येतच राहतो.